व्हॅलेटातला निवांत गुरुवार

(दहावी १९९५च्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयही ठरवून टाकला होता. "तू सॉफ्टवेअरवाली, तर एआय आणि आपलं भविष्य यावर बोल." मी म्हटलं, एआयवर बोलणारे हल्ली एसटी स्टँडवरसुद्धा भेटतात. त्यासाठी मला पुण्याहून वेंगुर्ल्याला कशाला बोलावता? मी एका सुट्टीच्या दिवसाबद्दल बोलेन. ते जरा नाराज झाले, पण हो म्हणाले. तर नाराजी असेल तर त्यांच्याकडे नोंदवा.

दुसरी गोष्ट आधीच सांगते. आई समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे, त्यामुळे मला तिखटमीठ लावायची सोय नाही. आणि जे सांगणार आहे त्यातला तिचा भाग तिला विचारूनच सांगते आहे.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, मुलगा आणि आई, भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर गेलो होतो. सात रात्री. जिनोव्हाहून निघायचं, नेपल्स, मेसिना, माल्टा, बार्सिलोना, मार्सेय करून परत जिनोव्हा. भूगोलाच्या बाईंनी आपल्याकडून घोकून घेतलेलं वाक्य आठवतं ना? भूमध्य सागरी हवामान, उन्हाळे कोरडे, पाऊस हिवाळ्यात, पिके द्राक्षे, ऑलिव्ह व लिंबूवर्गीय फळे. बाई, चार मार्कांसाठी पाठ केलेलं ते सगळं खरं निघालं. फक्त ऑलिव्ह एवढं कडवट असतं हे तुम्ही सांगितलं नव्हतं.

जहाजाचं वर्णन करत बसत नाही. प्रवासी आणि कर्मचारी मिळून सहा हजारांच्या आसपास माणसं, म्हणजे आपल्या गावाचा अर्धा भाग उचलून समुद्रात नेऊन ठेवला असं समजा. सकाळ-संध्याकाळ खाणं, मध्ये नाचगाणी, सगळीकडे गालिचे. मुलगा खूश, नवरा खूश. आईला बोट लागली नाही. तिला वाटत होतं लागणार, म्हणून तिने आवळासुपारीचे तीन डबे आणले होते.

आईचं पहिलं मत असं की ही बोटच नव्हे. बोट म्हणजे जिला चढायला आधी पडावात बसावं लागतं ती. आपल्यातल्या ज्यांना कोकण बोट आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते: मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून निघून रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत पणजीपर्यंत आगबोट जायची. वेंगुर्ल्याला ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, फणस, कोंबड्या, वळकट्या असं सगळं पडावातून तिच्यापर्यंत न्यायचे. पावसाळ्यात बंद. आई १९७४ साली लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईला गेली ती अशी, रात्रीच्या अंधारात, हलत्या पडावातून हलत्या शिडीवर पाय टाकून. या जहाजात ती सरकत्या जिन्याने चढली, हे तिला काही पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. आमच्या खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये खोल्या साफ करणारा मुलगा ट्रॉली घेऊन उभा होता. आई मला म्हणाली, "गो, ह्या पोराक इचार, गरम पाणी मिळात काय?" मी इंग्रजीची जुळवाजुळव करतेय तोवर तो ट्रॉलीतून मान वर न करता हळूच म्हणाला, "मिळात, काकी."

आईने पुढचे दोन प्रश्न तिथेच विचारले. "तू खयचो रे? कोणाचो झील?" पहिल्याचं उत्तर वेंगुर्ला निघालं. दुसऱ्याचं उत्तर मी इथे देत नाही, कारण कंपनीचे नियम कडक असतात आणि त्याचं नाव घ्यायचं नाही असं आमचं ठरलं आहे. एवढंच सांगते की तो याच शाळेचा, आपल्यानंतर सोळा वर्षांनी दहावी झालेला. आपल्याला गणित शिकवणाऱ्या सरांनी त्यालाही शिकवलं होतं, निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या वर्षी. सर, तुमच्या खडूच्या नेमाची कीर्ती त्याच्यापर्यंतही पोचली होती.

त्या पॅसेजमध्ये मात्र तो मला "मॅडम" म्हणायचा. कॅमेरे असतात, प्रवाशांशी फार गप्पा मारायच्या नसतात. मी दार उघडं ठेवून पलंगावर बसायचे आणि तो माझा पलंग आवरायला उभा, हे मला जड जात होतं. त्याला नव्हतं जात. तो म्हणाला, "गुरुवारी माल्टाक माका साडेबारा ते चार सुटी आसा. बाहेर भेटूया."

तर तो गुरुवार.

पहाटे साडेसहाला आम्ही डेकवर जाऊन उभे राहिलो. व्हॅलेटाच्या ग्रँड हार्बरमध्ये जहाज शिरतं तेव्हा दोन्ही बाजूंना किल्ले येतात. उजवीकडे सेंट एल्मो, डावीकडे रिकासोली. सगळं गाव एकाच रंगाच्या दगडाचं, ताज्या गुळाच्या ढेपेसारख्या. उन्हाचा पहिला पट्टा पडला की भिंती उजळत जातात आणि जहाज अगदी हळू, आवाज न करता, त्या भिंतींच्या मधून जातं. आपण सिंधुदुर्ग किल्ला होडीतून पाहिलेली माणसं, तटबंदी काही आपल्याला नवीन नाही. पण बाराव्या मजल्यावरून तटबंदीकडे खाली बघायचं, हे नवीन होतं.

नवरा आणि मुलगा बसने म्दिना नावाचं जुनं गाव बघायला गेले. मी आणि आई कुठेच गेलो नाही, म्हणजे बंदरापासून अर्ध्या किलोमीटरच्या पलीकडे. आईचा गुडघा हे कारण सांगितलं, ते अर्धं खरं. गेली तीन वर्षं माझ्या फोनवर रात्री-अपरात्री गजर वाजतो. पैसे पाठवणाऱ्या सिस्टिम्स सांभाळणं हे माझं काम आहे आणि पैसे माणसं रात्रीही पाठवतात. मला एक दिवस असा हवा होता की ज्यात यादी नाही. व्हॅलेटात सेंट जॉन्स कथीड्रल आहे आणि त्यात कॅराव्हॅजिओने १६०८ साली काढलेलं मोठं चित्र आहे, त्याने सही केलेलं एकमेव. ते बघायला लोक जगभरातून येतात. मी दारावरून गेले, रांग बघितली आणि पुढे गेले. कोणी विचारलं तर मी हेच सांगते, आणि समोरच्याचा चेहरा बघायला मजा येते.

बंदरातून गावात जायला एक लिफ्ट आहे, अठ्ठावन्न मीटर उंच. तटाला चिकटवून उभी केलेली. १९०५ साली तिथे पहिली लिफ्ट होती, ती पुढे काढून टाकली आणि २०१२ मध्ये ही नवी बांधली. अर्ध्या मिनिटात तुम्ही खंदकातून थेट वरच्या बागेत. आईने वर पोचल्यावर विचारलं, "संपलो चढ?" मी म्हटलं, संपला. तिचा गावावरचा विश्वास तिथेच बसला.

त्या बागेचं नाव अप्पर बराक्का. कमानी आहेत, बाकं आहेत, समोर कठड्याखाली तोफांची रांग आणि त्यापलीकडे सगळं बंदर. आम्ही तिथे दोन तास बसलो. शब्दशः बसलो. समोर पाण्यापलीकडे तीन जुनी गावं, मध्ये एक गोदी, येणारी-जाणारी होडकी. माझे बाबा मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. आई क्रेन मोजत होती.

मी तिला माल्टाची गोष्ट सांगितली. जितकी मला माहीत होती तितकी. हे बेट म्हणजे सगळं मिळून ३१६ चौरस किलोमीटर, आपल्या तालुक्यापेक्षा फार मोठं नाही. १५६५ मध्ये तुर्कांचा मोठा वेढा पडला, तो फुटल्यावर पुढच्याच वर्षी हे शहर पट्टीने रेघा मारल्यासारखं आखून बांधायला घेतलं, म्हणून सगळे रस्ते सरळ आणि टोकाला समुद्र. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून पडून बेट उपासमारीला आलं. १९४२च्या ऑगस्टमध्ये चौदा मालवाहू जहाजांचा तांडा निघाला, त्यातली पाच पोचली. शेवटचं जहाज तेलाचं, ओहायो नावाचं. ते इतकं फुटलं होतं की दोन्ही बाजूंना दोन युद्धनौका बांधून, बुडू न देता, त्याला या बंदरात ओढत आणलं. तारीख १५ ऑगस्ट. माल्टात तो दिवस आधीपासूनच सणाचा, सांता मारियाचा. लोक तटावर उभे राहून बघत होते, म्हणजे आम्ही बसलो होतो तिथेच कुठेतरी.

आईने विचारलं, "आणि तेल?" तेल पोचलं, मी म्हटलं. ती म्हणाली, "मग बरां."

अजून एक धागा आहे आणि तो थेट मुंबईला जातो. १८७८ साली रशियाला धाक दाखवण्यासाठी इंग्रजांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून बोटींनी सुएझमार्गे माल्टात आणून उतरवले होते. त्यात मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणीही होत्या. लढाई झाली नाही. काही आठवडे ते इथे तंबूत राहिले आणि पुढे सायप्रसला गेले. त्यांतले किती जण आपल्या बाजूचे असतील कोणास ठाऊक, पण त्या बागेत बसल्यावर मला ते आठवले. याच उन्हात ते बसले असणार आणि त्यांनाही घरी पत्र धाडायला दुसऱ्या कोणाच्या हाताची गरज लागली असणार.

बाराला तोफ सुटते. रोज बारा आणि चार, जुना नेम. गणवेशातले लोक येतात, बराच वेळ खालीवर करतात आणि मग एकच आवाज. कबुतरं उडाली, आईचा हात छातीवर गेला आणि मग ती हसायला लागली. मला तिचं हसणं इतक्या जवळून बघून बरीच वर्षं झाली होती.

भूक लागली. गुरुवार म्हणजे आईचा शिवराक. परदेशात हा मोठा प्रश्न, पण माल्टाने तो सोडवून ठेवला आहे. तिथे पस्तिझ्झी नावाचा प्रकार मिळतो. शंकरपाळ्याच्या आकाराचा, तळहाताएवढा, पापुद्र्यांचा. आत मऊ शिजवलेला मटार नाहीतर रिकोटा, म्हणजे आपल्या छेन्याचा भाऊ. एका अरुंद रस्त्यावरच्या टपरीवजा दुकानात आम्ही शिरलो. दुकान चालवणारी बाई आईच्याच वयाची. चहा काचेच्या ग्लासात, डब्यातल्या आटवलेल्या दुधाचा, गोडमिट्ट. आईने एक घोट घेतला आणि जहाजावर चार दिवस पिशवी बुडवून दिलेल्या चहाबद्दल जे म्हणायचं राहिलं होतं ते सगळं म्हणून टाकलं.

पस्तिझ्झीच्या पिठात काय घालतात हे आईने विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या बाईचं इंग्रजी आईपेक्षा चांगलं, पण आईचं मालवणी त्या बाईपेक्षा चांगलं, त्यामुळे दोघींचं छान चाललं होतं. मला मौज वाटली ती त्यांच्या भाषेची. माल्टी भाषा मुळात अरबीच्या घराण्यातली, वर इटालियन शब्दांचा थर, आणि लिहितात रोमन लिपीत. गोव्यात रोमन लिपीतली कोंकणी वाचणारी माणसं आपण पाहिली आहेत, म्हणून मला ते परकं वाटलं नाही. बाईंनी भिंतीकडे बोट दाखवून आतल्या खोलीला काम्रा म्हटलं. पुस्तकाला क्तिएब, आपलं किताब. साबणाला सपून. आणि शाळेला स्कोला, जोडून बोलताना इस्कोला. गोव्याकडे अजून इस्कोल म्हणतातच. आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मगे ती आपल्यातलीच." भाषाशास्त्रात याला पुरावा म्हणत नाहीत, पण मी वाद घातला नाही.

पाऊण वाजता तो आला. गणवेश नाही, जीन्स आणि टीशर्ट. दारात उभा राहून म्हणाला, "ताई, येव काय?" चार दिवसांत पहिल्यांदा ताई.

आईने पहिलं विचारलं, जेवलास का. मग त्याच्यासमोर तीन पस्तिझ्झी ठेवल्या आणि तो खाईपर्यंत कोणालाही बोलू दिलं नाही.

त्याचं काम असं: अठरा खोल्या, दिवसातून दोनदा. सकाळी सात ते साडेबारा-एक, मग संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ. सुट्टीचा वार नाही, आठ महिने सलग. नियमाप्रमाणे चोवीस तासांत दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे आणि त्याचे दोनपेक्षा जास्त तुकडे करता येत नाहीत, त्यातला एक निदान सहा तासांचा हवा. हा आंतरराष्ट्रीय करार आहे. तो म्हणाला, आमच्या जहाजावर पाळतात. बंदरात जहाज लागलं की सगळ्यांनाच उतरता येत नाही, आग लागली तर विझवायला काही माणसं आत ठेवावीच लागतात, पाळीपाळीने. त्यामुळे सहा महिन्यांत तो व्हॅलेटात चोवीस-पंचवीस वेळा आला होता आणि उतरला होता आठ वेळा. त्या आठही वेळा तो बंदरावर फुकट वायफाय मिळतं तिथे भिंतीला टेकून घरी बोलला आणि परत आत गेला. बाग त्याने पाहिलेलीच नव्हती.

एक गोष्ट मध्येच सांगते, कारण इथे शिक्षक बसले आहेत आणि मुलं तुम्हाला विचारतात. पहिल्यांदा जहाजावर जाताना त्याने एका एजंटाला दोन लाख दिले होते. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणंच बेकायदा आहे. सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या संस्थेमार्फतच भरती व्हायला हवी आणि परवाना खरा का खोटा ते त्यांच्या संकेतस्थळावर बघता येतं. हे त्याला दुसऱ्या करारानंतर कळलं. आपल्या तालुक्यातून मुलं जातातच आहेत, तर निदान हे दहावीतच कळू दे.

मग त्याने खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "ताई, एक इचारूचा होता." कंपनीचं पत्र आलं होतं. बढती, हाउसकीपिंगचा सहायक सुपरवायझर. पगार बराच वाढणार. पण डिसेंबरात घरी गेला की जानेवारीतच परत रुजू व्हायचं. हो की नाही, त्याच रात्री बारापर्यंत कळवायचं. जानेवारीपासून आठ महिने म्हणजे पुन्हा चवथ गेली. लागोपाठ तिसरी. घरात मोठा मुलगा तो, गणपती त्याच्या हातचा. मुलगी चार वर्षांची. ती फोनवर त्याला विचारते, "बाबा, तू फोनातच रवतंस?"

आणि दुसरा कागद होता पुण्यातल्या एका क्लासचा. सहा महिन्यांत सॉफ्टवेअर डेव्हलपर, फी पंच्याऐंशी हजार, नोकरीची हमी. त्याला माझ्याकडून हे हवं होतं की हा कागद खरा आहे.

मी गेली बारा वर्षं मुलाखती घेते. अशा क्लासमधून आलेली मुलं रोज समोर बसतात. त्याला मी सांगितलं की मी तुझ्या जागी असते तर ते पैसे भरले नसते. नवशिक्यांच्या जागा कमी झाल्या आहेत, तू बत्तीस वर्षांचा, आणि "नोकरीची हमी" हा शब्द मी कुठल्याच खऱ्या नोकरीच्या पत्रात वाचलेला नाही. तुला अठरा खोल्यांचं काम येतं, माणसं सांभाळता येतात, चार भाषांत नम्रपणे नाही म्हणता येतं. मोप्याला विमानतळ झाल्यापासून त्या पट्ट्यात हॉटेलं येत आहेत, तिथे तुझी किंमत होईल. पण पगार निम्म्याहून खाली येईल, हेही सांगितलं. त्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण खोटं सांगून त्याला बरं वाटू द्यायचं नव्हतं.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग आई बोलायला लागली. माझ्याकडे न बघता, ग्लासाकडे बघत.

मित्रांनो, इथे ज्यांचे वडील मुंबईला होते त्यांनी हात वर करा म्हटलं तर निम्मं सभागृह हात वर करील. मे महिना आणि चवथ. वर्षातून दोनदा बाप. मनीऑर्डर आली की पोस्टमनला चहा. आपण त्यावर कधी बोललो नाही, कारण सगळ्यांच्याच घरी तसंच होतं. मला वाटायचं, आईला त्याचं काही नव्हतं. ती कधी काही म्हणालीच नाही.

त्या दुकानात ती म्हणाली की १९७४ साली ती बोटीने मुंबईला गेली ती तिथे राहायला गेली होती. बाबांनी डोंगरीला खोली बघितली होती. चार महिने ती राहिली. मग आजोबांचं पत्र आलं, शेतीकडे बघायला माणूस नाही, सुनेला पाठव. बाबांनी तिला बोटीवर बसवलं. त्यानंतर सव्वीस वर्षं ती वेंगुर्ल्यात आणि बाबा डोंगरीला, निवृत्त होईपर्यंत. चार महिन्यांच्या त्या संसाराबद्दल मी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, माल्टात, मटाराची पस्तिझ्झी खाताना पहिल्यांदा ऐकलं. तिथे जवळच बाजार होता, म्हणाली, आणि संध्याकाळी बाबा तिला घेऊन गोदीच्या दरवाज्यापर्यंत चालत जायचे, बोटी दाखवायला.

तो ऐकत होता. आई त्याला म्हणाली, "जा म्हणान सांगनंय नाय, नको म्हणानय सांगनंय नाय. तुझ्या बायलेक इचार. माका कोणी इचारूक नाय."

तो म्हणाला, तिला सांगितलंय पत्राबद्दल. आई म्हणाली, "सांगलंस. इचारलंस?"

तो उठून बाहेर गेला. आम्ही काचेतून बघत होतो. समोरच्या पायऱ्यांवर बसून तो बोलत होता, आधी उभ्या उभ्या, मग बसून, मग डोकं धरून, मग हसून. चाळीस मिनिटं. दुकानवाल्या बाईने न विचारता आईला दुसरा चहा आणून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

आत आला तेव्हा तो जरा चक्रावलेला होता. बायकोने एकच प्रश्न विचारला होता, जो त्याला सुचला नव्हता: सुपरवायझरचा करार किती महिन्यांचा? त्याने तो आठच धरला होता, कारण त्याचे सगळे आठचे होते. तिथूनच त्याने कार्यालयात विचारलं. उत्तर आलं, सहा. जानेवारी ते जुलै. चवथ होती ऑगस्टच्या शेवटी.

साडेतीनला तो परत जहाजावर गेला. जाताना आईने त्याच्या मित्रांसाठी पस्तिझ्झीची पिशवी त्याच्या हातात दिली. ती आत नेऊ देत नाहीत, म्हणून त्याने दरवाज्याबाहेरच मित्रांना बोलावून वाटली, असं नंतर कळलं.

आमच्याकडे अजून दोन तास होते. लिफ्टने खाली आलो तर धक्क्याला छोट्या रंगीत होड्या लागलेल्या. त्यांना दायसा म्हणतात. दोन्ही टोकं वर उचललेली, पूर्वी उभं राहून वल्हवायचे, आता मागे इंजिन असतं. आई थांबली. "ह्यो तर आपलो पडाव गो!" गुडघ्याचं नाव न काढता, होडीवाल्याचा हात बाजूला सारून, ती पाय टाकून आत जाऊन बसली. पाणी हलत होतं, होडी हलत होती, आणि एकाहत्तर वर्षांची माझी आई निळ्या नऊवारीखाली पांढरे स्पोर्ट शूज घालून मधल्या फळीवर सरळ बसली होती. मी मात्र दोन जणांच्या आधाराने चढले.

होडी आमच्या जहाजाच्या पोटाखालून गेली. खालून बघितलं तर ते जहाज नव्हे, भिंतच. वरच्या मजल्यांना गॅलऱ्या, मधल्यांना गोल खिडक्या, आणि पाण्याजवळ काहीच नाही, नुसतं लोखंड. आईने विचारलं, त्या मुलाची खिडकी कुठली. तिला मी सांगितलं की त्याची खोली पाण्याच्या पातळीखाली आहे, खिडकी नसते. तिने पाण्यात हात घातला आणि बराच वेळ काढला नाही.

संध्याकाळी सहाला जहाज सुटलं. साडेसहाला पॅसेजमध्ये तो गणवेशात होता. "गुड ईव्हनिंग, मॅडम." आई मागून म्हणाली, "गुड ईव्हनिंग." तिघांनीही चेहरा सरळ ठेवला.

यंदा चवथीला तो घरी होता. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन आमच्याकडे आला, बायकोही आली. मुलगी त्याच्या खांद्यावरून खाली उतरायला तयार नव्हती. आईने तिच्या बायकोला आत स्वयंपाकघरात नेलं आणि दोघी तासभर काय बोलल्या ते मला कोणी सांगितलेलं नाही.

ऑक्टोबरात तो पुन्हा गेला. जहाज तेच, फेरी तीच, व्हॅलेटा दर गुरुवारी. मागच्या महिन्यात त्याने त्या दुकानातून मला आवाजी निरोप पाठवला. मागे कपबश्यांचा आवाज आहे आणि ती बाई त्याला इंग्रजीत विचारते आहे की निळ्या साडीतली ती बाई कशी आहे, तिचा पाय बरा आहे का. मी तो आईला ऐकवला. तिने फोन हातात घेऊन तोंडाजवळ धरला आणि ओरडूनच सांगितलं, "सांग तिका, गुडघो बरो आसा. आणि चाय अजून तशीच करता काय?"